वाइटांगीच्या किनाऱ्यावरचा प्रश्न

(मदतनीसांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



दर वर्षी या मेळाव्यात मी सातपुड्यातील आपल्या कामाचा वृत्तान्त सांगते. यंदाचा वृत्तान्त छापून आपल्या हाती दिलेला आहेच. वसतिगृह, आरोग्य शिबिरे, वनहक्काचे दावे यांची माहिती त्यात आहे. ती आपण घरी सावकाश वाचावी. अध्यक्षसाहेबांनी आज मला वेगळा विषय दिला. माझी नणंद ऑकलंडला राहते. नाताळाच्या सुटीत तिच्याकडे जाण्याचा योग आला आणि त्यातले चार दिवस आम्ही न्यूझीलंडच्या उत्तर टोकाकडील 'बे ऑफ आयलंड्स' या भागात काढले. तिथे जे पाहिले ते सांगा, असे ते म्हणाले. आदिवासी बांधवांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक मिशनने तो किनारा एकदा डोळ्यांखालून घालावा असे मला वाटते, म्हणून मी आनंदाने होकार दिला.

आधी तो भाग कसा आहे ते सांगते. ऑकलंडहून उत्तरेला साधारण २३० किलोमीटर गेले की हा उपसागर लागतो. कॅप्टन कुक १७६९ साली तिथे आला आणि बेटांचा समुदाय पाहून त्याने हे नाव दिले. लहानमोठी १४४ बेटे आहेत असे तिथले लोक सांगतात. दक्षिण न्यूझीलंडमध्ये बर्फ पडते, पण या भागात थंडी अशी नसतेच. संत्री, लिंबे आणि किवीच्या बागा आहेत. खाड्यांच्या तोंडाशी आपल्या कोकणातल्यासारखे तिवरांचे रान आहे. आपल्या रताळ्याच्या जातीचे 'कुमारा' हे तिथले जुने पीक. नारळ मात्र कुठे दिसत नाही. डिसेंबर हा तिकडे उन्हाळ्याचा महिना. त्या दिवसांत समुद्राच्या कड्यांवर 'पोहुतुकावा' नावाचे झाड लालभडक फुलांनी भरून जाते. पळस फुललेले माळ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्या रंगाची कल्पना येईल. नाताळाच्या वेळी फुलते म्हणून तिथले ख्रिस्ती लोक त्याला नाताळाचे झाड म्हणतात.

या भूमीचे मूळ रहिवासी माओरी. सुमारे ७०० वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज पॉलिनेशियाच्या बेटांवरून मोठ्या होड्यांतून इथे आले. उत्तरेकडील त्यांच्या जमातीचे नाव न्गापुही. आजही माओरींमध्ये हीच जमात संख्येने सर्वांत मोठी आहे.

आमच्या यजमानांच्या ओळखीने एका माओरी सभास्थानी, म्हणजे 'मराए'वर जाण्याची संधी मिळाली. तिथे पाहुणा आपणहून आत शिरत नाही. आतून एक स्त्री उंच स्वरात साद घालते, पाहुण्यांकडील स्त्री उत्तर देते आणि मगच पाय पुढे पडतात. मुख्य घरात शिरताना जोडे बाहेर काढायचे. हे सांगावे लागले नाही, आपल्याला सवयच आहे. नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावून ते स्वागत करतात. दोघांनी एकच श्वास घ्यायचा असा त्याचा अर्थ. नंतर एका आजीबाईंनी मला विचारले, तुझा डोंगर कोणता, तुझी नदी कोणती? त्यांच्याकडे माणूस आधी डोंगर आणि नदी सांगतो, मग पूर्वज, आणि स्वतःचे नाव शेवटी. मी म्हटले, माझ्या कामाचा डोंगर सातपुडा, नदी तापी. त्यांनी समाधानाने मान हलवली. बंधुभगिनींनो, सातपुड्यातल्या आपल्या पावरा आणि भिल्ल बांधवांना हा प्रश्न अगदी जवळचा वाटेल. आपल्या सरकारी अर्जात मात्र डोंगराला रकाना नसतो.

आता त्या किनाऱ्यावर शुभवर्तमान कसे पोहोचले ते पाहू. या उपसागराच्या उत्तर बाजूला ओइही नावाची छोटी खाडी आहे. मोटार वर टेकडीवर ठेवावी लागते आणि पायवाटेने खाली उतरावे लागते. १८१४ च्या नाताळच्या दिवशी रेव्ह. सॅम्युएल मार्सडन यांनी तिथे न्यूझीलंडच्या भूमीवरील पहिली ख्रिस्ती उपासना चालवली. प्रवचनाला त्यांनी लूककृत शुभवर्तमानातील देवदूताचा आनंदाचा संदेश घेतला होता. आज तिथे दगडी क्रूस उभा आहे. ही तारीख आपल्यालाही परकी नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, १८१३ मध्ये, अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी मुंबईस उतरले होते. म्हणजे आपली मराठी मंडळी आणि माओरी मंडळी वयाने जवळपास बरोबरीच्या आहेत.

पण ओइहीला मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो रुआतारा याने. हा तरुण माओरी सरदार जहाजांवर खलाशी म्हणून राबला. इंग्लंडच्या राजाला पाहावे म्हणून लंडनपर्यंत गेला, आणि तिथे त्याच्या वाट्याला मारहाण व आजारपण आले. १८०९ मध्ये परतीच्या जहाजावर तो मरणासन्न अवस्थेत मार्सडन यांच्या दृष्टीस पडला. त्यांनी त्याची शुश्रूषा केली आणि सिडनीजवळ पॅरामॅटाला आपल्या घरी नेले. तिथे रुआतारा गव्हाची शेती शिकला. पुढे त्यानेच मिशनरींना आपल्या गावी येण्यास सांगितले आणि आपल्या सरदारकीचे संरक्षण दिले. त्या पहिल्या उपासनेसाठी जागेला कुंपण घालणे, उलट्या होड्यांची आसने करणे, उपदेशासाठी व्यासपीठ उभारणे हे सगळे त्याने केले. मार्सडन इंग्रजीत बोलले आणि रुआताराने आपल्या लोकांना त्याचा अर्थ सांगितला. दोनच महिन्यांनी, मार्च १८१५ मध्ये, तो आजारात वारला.

दार आतून उघडले गेले होते, एवढे लक्षात ठेवावे. मिशनच्या इतिहासात आपण बाहेरून आलेल्यांची नावे पाठ करतो. ज्याने बोलावले, ज्याने जेवू घातले, ज्याने पहिले भाषांतर केले, तो बहुधा तळटिपेत राहतो.

रुआतारा गेल्यावर काम कठीण झाले. माओरी मंडळीतील पहिला बाप्तिस्मा १८२५ साली झाला. दहा वर्षे! आपल्यापैकी काही जण प्रेमाने विचारतात, "ताई, इतकी वर्षे झाली, फळ किती?" त्यांच्यासाठी हा आकडा मी मुद्दाम सांगितला.

त्या दहा वर्षांत जे घडले ते सगळेच अभिमानाने सांगण्यासारखे नाही. ओइहीची २०० एकर जमीन मिशनने १८१५ मध्ये १२ कुऱ्हाडींच्या मोबदल्यात घेतली. मिशनरींना धान्य आणि डुकराचे मांस माओरींकडूनच घ्यावे लागे, आणि मोबदल्यात सरदारांना बंदुका हव्या असत. पहिल्या तीन मिशनरींपैकी थॉमस केंडल यांनी माओरी भाषेतील पहिले पुस्तक तयार केले, पहिली शाळा उघडली, आणि बंदुकांचा व्यवहारही केला. मार्सडन यांचा त्याला विरोध होता. शेवटी केंडल यांना मिशनमधून काढण्यात आले. पण तोवर होंगी हिका या पराक्रमी सरदाराने इंग्लंडचा प्रवास करून, परतताना सिडनीला शेकडो बंदुका मिळवल्या होत्या. पुढच्या दशकात जमातीजमातींच्या लढायांत हजारो माणसे मेली. केरीकेरी गावी १८२२ साली पूर्ण झालेले मिशनचे लाकडी घर आणि शेजारी १८३६ चे दगडी कोठार आजही उभे आहे. न्यूझीलंडमधील युरोपियन बांधणीची सर्वांत जुनी शिल्लक इमारत म्हणजे ते घर. समोरच्या टेकडीवर होंगीच्या गढीची जागा दिसते. मिशनचे घर त्याच्याच संरक्षणाखाली होते, आणि त्याची लढाऊ पथके त्याच खाडीतून निघत. पर्यटक तिथे छायाचित्रे काढतात. ख्रिस्ती माणसाने तिथे थोडा वेळ उभे राहून विचार करावा.

आता पाइहिया. ही या भागातील एक प्रमुख वस्ती. रेव्ह. हेन्री विल्यम्स १८२३ मध्ये इथे आले. ते पूर्वी आरमारात अधिकारी होते. बंदुकीचा व्यापार त्यांनी पूर्ण बंद केला, भांडणाऱ्या जमातींमध्ये जाऊन तह घडवले, आणि सर्व मिशनरींनी आधी भाषा नीट शिकावी असा आग्रह धरला. १८३४ च्या अखेरीस विल्यम कोलेन्सो नावाचा तरुण मुद्रक छापयंत्र घेऊन आला. ते जड लोखंडी यंत्र किनाऱ्यावर आणायला धक्का नव्हता, म्हणून दोन होड्या एकत्र बांधून त्यांवर फळ्या टाकल्या आणि ते उतरवले. छपाईला लागणाऱ्या कित्येक गरजेच्या वस्तू आल्याच नव्हत्या. तरी फेब्रुवारी १८३५ मध्ये इफिसकरांस आणि फिलिप्पैकरांस ही दोन पत्रे माओरी भाषेत छापून निघाली. १८३७ मध्ये संपूर्ण नवा करार झाला, प्रती ५,०००. लोक दुरून चालत येऊन पुस्तक मागत. मिशनच्या वस्तीवर वाचायला शिकलेले माओरी आपापल्या गावी परतून इतरांना शिकवत. जिथे एकही गोरा मिशनरी पोहोचला नव्हता तिथे अक्षर पोहोचले.

याच कोलेन्सोची एक गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे. उत्तरेकडील एका माओरी वस्तीत त्याला पितळेसारख्या धातूचे भांडे दिसले. बायका त्यात बटाटे उकडत होत्या. निरखून पाहिले तर ते जहाजावरच्या घंटेचे वरचे टोक निघाले, आणि त्यावर तमिळ अक्षरे होती. मोहिदीन बक्ष यांच्या जहाजाची घंटा, असा त्यांचा अर्थ लागला. ती तिथे कशी आली हे आजवर उलगडलेले नाही. सध्या ती वेलिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मला यात शिकण्यासारखे हे वाटले : अक्षरे कितीही सुंदर कोरलेली असोत, वाचता न येणाऱ्याच्या हाती ती भांड्यावरची नक्षी होते.

हे मनात ठेवून आपण पाइहियाच्या शेजारी, वाइटांगीला जाऊ.

१८४० च्या जानेवारीत कॅप्टन विल्यम हॉब्सन ब्रिटिश राणीच्या वतीने या उपसागरात आले. माओरी सरदारांशी करार करून इथे ब्रिटिश सत्ता आणायची होती. मसुदा इंग्रजीत तयार झाला. ४ फेब्रुवारीच्या दुपारनंतर तो हेन्री विल्यम्स यांच्याकडे भाषांतरासाठी देण्यात आला. त्यांनी आणि त्यांचा मुलगा एडवर्ड याने एका रात्रीत तो माओरीत उतरवला. ५ तारखेला ब्रिटिश प्रतिनिधी जेम्स बस्बी यांच्या घरासमोरील हिरवळीवर तंबू ठोकून तो वाचून दाखवला गेला. दिवसभर चर्चा झाली. काही सरदारांनी परत जा म्हणून सुनावले, काहींनी राहा म्हटले. ६ फेब्रुवारीला सह्या सुरू झाल्या. पहिली सही होने हेके यांची. त्या दिवशी ४० हून अधिक सरदारांनी खूण केली. कित्येकांनी आपल्या चेहऱ्यावरील गोंदणाची नक्षीच कागदावर काढली, जसा आपल्याकडे अंगठा उठवतात. पुढील महिन्यांत देशभर ५०० हून अधिक सरदारांनी सह्या केल्या, आणि त्यांतील मोजके वगळता सर्वांनी माओरी प्रतीवर केल्या.

इंग्रजी प्रतीत सरदार आपले संपूर्ण सार्वभौमत्व राणीला देतात असे होते. माओरी प्रतीत त्या जागी 'कावानातांगा' असा शब्द आला. गव्हर्नर या शब्दावरून तो घडवलेला. माओरी श्रोत्यांना 'कावाना' ठाऊक होता तो नव्या करारातून, पंतय पिलाताची पदवी म्हणून. म्हणजे कुणा दूरच्या राजाने नेमलेला कारभारी. आणि पुढच्याच कलमात, त्यांच्या जमिनी, गावे आणि सर्व मौल्यवान गोष्टींवर त्यांची 'रांगातिरातांगा' कायम राहील असे वचन होते. हा शब्द त्यांनी कुठे ऐकला होता? प्रभूच्या प्रार्थनेत. देवाचे राज्य येवो असे आपण म्हणतो, तिथे राज्य या अर्थी माओरी प्रार्थनेत हाच शब्द आहे. आता आपणच सांगा, ज्याने रोज ती प्रार्थना म्हटली त्याला त्या दिवशी काय समजले असेल? कारभार पाहायला एक माणूस येईल, पण राज्य आमचेच राहील.

पाचच वर्षांपूर्वी, १८३५ मध्ये, त्याच जागी ३४ सरदारांनी आपल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या होत्या. त्यात सत्तेसाठी 'माना' हा त्यांचा खोल अर्थाचा शब्द वापरला होता. १८४० च्या करारात तो शब्द नाही. विल्यम्स यांनी असे का केले यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. काही म्हणतात घाई, काही म्हणतात सरदारांनी सही करावी म्हणून सौम्य शब्द निवडला. ब्रिटिश कायदा आला तर बेबंद गोऱ्या जमीन-दलालांपासून माओरींचे रक्षण होईल, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, हेही तितकेच खरे.

पण त्या सकाळी एक माणूस उठून बोलला. तोच मुद्रक, कोलेन्सो. पहिल्या सहीसाठी नाव पुकारले जात असताना त्याने हॉब्सन यांना विचारले, की या करारातील कलमे या लोकांना समजली आहेत असे आपल्याला वाटते काय? तो मिशनमध्ये कनिष्ठ होता, तिशीच्याही आतला. आपल्याकडून शक्य ते सारे केले आहे, अशा अर्थाचे उत्तर देऊन हॉब्सन यांनी विषय पुढे नेला. सह्या झाल्या. कोलेन्सोने हा प्रसंग लिहून ठेवला म्हणून आपल्याला माहीत आहे.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न आपण पवित्र शास्त्रात वाचलेला आहे. फिलिप रथाजवळ धावत गेला आणि त्या कूशी अधिकाऱ्याला त्याने हेच विचारले, जे वाचता ते समजते का? आणि उत्तर मिळाल्यावर तो रथात चढून त्याच्या शेजारी बसला. नहेम्याच्या काळातही लेव्यांनी नियमशास्त्र नुसते वाचले नाही. लोकांना अर्थ कळेपर्यंत ते समजावत राहिले. वाइटांगीला प्रश्न विचारला गेला, पण शेजारी बसायला कुणाकडे वेळ नव्हता.

परिणाम कुठे दिसतो? समोरच्या किनाऱ्यावर. पाइहियाहून नावेने पंधरा मिनिटांत रसेल गाव येते. त्याचे जुने नाव कोरोरारेका. राजधानी १८४१ मध्ये ऑकलंडला गेली, व्यापार घटला, सरदारांचे अधिकार आकसले. ज्या होने हेकेने करारावर पहिली सही केली, त्यानेच १८४४-४५ मध्ये गावावरच्या टेकडीवरील ब्रिटिश झेंड्याची काठी चार वेळा तोडली. ११ मार्च १८४५ ला लढाई होऊन गाव जळाले. ख्रिस्त मंदिर मात्र राहिले. १८३६ चे हे लाकडी देऊळ न्यूझीलंडमधील सर्वांत जुने शिल्लक चर्च आहे. त्याच्या बांधकामाला तरुण चार्ल्स डार्विननेही वर्गणी दिली होती. भिंतींच्या फळ्यांवर गोळ्यांची भोके अजून आहेत. अंगणात त्या लढाईत पडलेल्या ब्रिटिश खलाशांच्या कबरी आहेत, आणि करारावर सही करून शेवटपर्यंत ब्रिटिशांच्या बाजूने राहिलेले सरदार तामाती वाका नेने यांचीही कबर तिथेच आहे. ती तोडलेली झेंडाकाठी १८५८ मध्ये पुन्हा उभारली, ती हेकेचा साथी कावीती याच्या मुलाच्या पुढाकाराने, माओरींनीच. समेट करायला तेच आधी आले.

आणि विल्यम्स? लढाईनंतर काही ब्रिटिशांनी त्यांना माओरींचे हस्तक म्हटले, तर काही माओरींनी फसवणारे म्हटले. आपल्या अकरा मुलांच्या भवितव्यासाठी त्यांनी हजारो एकर जमीन विकत घेतली होती. त्या वादात १८४९ मध्ये त्यांच्याच मिशनने त्यांना काढले आणि १८५४ मध्ये परत घेतले. पाइहियाच्या चर्चच्या आवारात त्यांचे स्मारक आहे, आणि ते माओरी मंडळीने उभारलेले आहे. ज्या लोकांची भाषा ते शिकले त्यांनी त्यांचे प्रेम विसरले नाही. पण प्रेमाने जमीन परत येत नाही.

जमीन तर गेलीच. काही विक्रीने, काही लढायांनंतरच्या जप्तीने, आणि पुष्कळशी कागदाने. १८६५ नंतर जमिनीसाठी खास न्यायालय आले. जी जमीन अख्ख्या गोताची होती तिच्यावर सुरुवातीला जास्तीत जास्त दहा नावे लावली जात. दहा जणांनी विकली की सगळ्यांची गेली. नाबोथाचा द्राक्षमळाही कागदानेच गेला होता, राजाची मोहर लावलेल्या पत्राने. १८४० मध्ये जवळजवळ संपूर्ण देश माओरींकडे होता. आज त्यांच्या ताब्यात साधारण ५-६ टक्के जमीन आहे. शाळांतून भाषाही गेली. माओरी बोलले म्हणून मुलांना छड्या बसत.

तरी ही गोष्ट तिथे संपत नाही, म्हणून मी ती आपल्याला सांगू शकते. १९७५ मध्ये उत्तरेच्या होकिआंगा भागातील एक वृद्धा, फिना कूपर, वय ७९, आता एक एकरही जमीन जाऊ द्यायची नाही असे म्हणत उत्तर टोकापासून राजधानी वेलिंग्टनपर्यंत पायी निघाली. सुमारे एक हजार किलोमीटर. ती श्रद्धाळू कॅथलिक होती. त्याच वर्षी संसदेने वाइटांगी न्यायाधिकरण स्थापले, आणि १९८५ पासून त्याला १८४० पर्यंतच्या मागच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार मिळाला. १९८२ मध्ये आज्या आणि नातवंडांना एकत्र आणणाऱ्या माओरी बालवाड्या सुरू झाल्या. १९८७ मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली. २०१४ मध्ये न्यायाधिकरणाने सांगितले, की फेब्रुवारी १८४० मध्ये सही करणाऱ्या सरदारांनी सार्वभौमत्व सोडलेच नव्हते. सरकारने ते मान्य केले नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात कराराचा अर्थ बदलू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध पुन्हा हजारो लोक उत्तरेतून मोर्चाने राजधानीला गेले, आणि पुढच्या एप्रिलमध्ये संसदेने ते विधेयक फेटाळले. एका रात्रीच्या भाषांतराचा हिशेब १८० वर्षांनंतरही चालू आहे.

मंडळीनेही आपला हिशेब केला. पहिला माओरी दीक्षित सेवक १८५३ मध्ये झाला, पण पहिला माओरी बिशप व्हायला १९२८ साल उजाडले. ओइहीच्या उपासनेपासून ११४ वर्षे. १९९२ पासून तिथल्या अँग्लिकन मंडळीत माओरी विभाग आपले निर्णय स्वतः घेतो. दाराशी उभे राहून बोलावणाऱ्या रुआताराच्या वंशाला त्याच घरात मालकाची जागा मिळायला इतका काळ लागला.

आता आपल्याकडे येते आणि संपवते. वनहक्क कायदा २००६ चा आहे. आपल्या कार्यक्षेत्रात वैयक्तिक आणि सामूहिक दाव्यांचे काम चालू आहे, आणि आपल्या देणग्यांचा मोठा भाग त्यावर खर्च होतो. दाव्याचा कागद मराठीत असतो. समोरची आजी पावरी बोलते. 'सामूहिक', 'उपजीविका', 'निस्तार' हे शब्द आपल्या कार्यकर्त्याला येतात, तिला येत नाहीत. शाई लावून अंगठा उठवायला अर्धे मिनिट लागते. तालुक्याला जाणारी जीप उभी असते, साहेबांनी तारीख दिलेली असते, आणि मागे पंचवीस माणसे रांगेत असतात. आपला हेतू चांगला आहे यात शंका नाही. विल्यम्स यांचाही होता.

म्हणून कार्यकारी समितीपुढे मी तीन गोष्टी ठेवल्या आहेत, आणि त्यांना आपला पाठिंबा मागते. पहिली, कोणताही कागद अंगठ्याआधी त्यांच्या बोलीत वाचला जावा, आणि वाचणारा गावाने निवडलेला असावा, आपण नेमलेला नको. दुसरी, वाचून झाल्यावर आपण विचारायचे, यात काय लिहिले आहे ते तुम्ही आम्हाला सांगा. त्यांच्या तोंडून बरोबर आले तरच शाईची डबी उघडायची. तिसरी, कागदाची एक प्रत गावात राहिली पाहिजे, आणि जमीन गोताची असेल तिथे चार नावांवर घाईने काम उरकायचे नाही.

याने काम मंदावेल. पुढच्या वर्षीच्या वृत्तान्तात दाव्यांचा आकडा कदाचित कमी दिसेल. तेव्हा आपण विचाराल, ताई, यंदा इतके कमी का? मी आजच उत्तर देऊन ठेवते : आम्ही रथात चढून शेजारी बसलो होतो. त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळेचा खर्च आपल्यासारख्या मदतनीसांनीच उचलायचा आहे.

दोन विषयांसाठी प्रार्थना करावी अशी विनंती करते. सातपुड्यातील आपल्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींपैकी काहींना आपल्याच बोलीत गावाला कागद वाचून दाखवण्याची ओढ लागावी. आणि घाईच्या वेळी, सगळे सह्यांना बसलेले असताना, आपल्यातल्या सर्वांत लहान कार्यकर्त्यालाही उठून 'यांना समजले का' असे विचारण्याचे धैर्य मिळावे, आणि आपण मोठ्यांनी थांबून त्याचे ऐकावे.

प्रभू आपल्याला आणि आपल्या घराण्यांना आशीर्वादित करो. आमेन.